हसुदादांचे नऊ कागद

हसुदादा कुठल्याही मोटारसायकलला पाना लावण्याआधी इंजिनाला उलटा हात लावून बघत. पोराला ताप आलाय का बघताना आई कपाळाला लावते तसा. इंजिन जरा जरी कोमट लागलं की हात मागे. "ने परत. गरम गाडी खोटं बोलते. आज संध्याकाली हितं ठेव, सकाली गार झाली का मी बगीन." समोरचा माणूस बँकेतला असो नाहीतर पोलिसातला, उत्तर तेच. डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भेंडीच्या झाडाखाली चार बांबू आणि एक ताडपत्री एवढंच त्यांचं गॅरेज. त्या ताडपत्रीखाली रोज पाच-सहा गाड्या मुक्कामाला असायच्या.

मीही पहिल्यांदा गरम गाडी घेऊनच गेलेलो. तेव्हा मी बावीस वर्षांचा. ग्राहकांच्या हक्कांसाठी आम्ही आठ जणांनी एक समिती काढलेली, तिचा मी चिटणीस, आणि खांद्यावरच्या पिशवीत कायम पत्रकांचा गठ्ठा. जगात जे काही चुकतंय ते फुलस्केप कागदाच्या दोन बाजूंत मावतं, अशी माझी ठाम समजूत होती. हसुदादांनी नकार दिल्यावर मी तिथेच भांडायला लागलो. म्हटलं, ग्राहकाला परत पाठवायचा तुम्हाला अधिकार नाही.

त्यांनी हातातला पाना माझ्यापुढे धरला. "हा घे. अधिकार तुज्याकडं हाय ना, मंग तूच खोल."

शेजारच्या चहावाल्याकडे बसलेले दोघे-तिघे खो-खो हसले. मी गाडी ठेवली आणि तणतणत चालत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर झालो. हसुदादांनी चोक ओढला, रेसला हातही न लावता तीन किक मारल्या. गाडी फुरफुरली आणि गप्प. मी म्हटलं, "दादा, जरा रेस द्या ना."

"तीच चूक. सगले तेच करतात. चोक ओढून रेस पिलली का हवा आत घुसते, चोकचा फायदा जेला. मंग पुन्ना पिलतात, पुन्ना किक, पेट्रोल नुसतं आत सांडतं, प्लग भिजतो. मंग मारा लाता दुपारपर्यंत." त्यांनी प्लग काढला, पुसला, तारेच्या टोपीत बसवून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि किक मारून ठिणगी बघितली. ठिणगी निळी, ठणठणीत. प्लग परत जागेवर. "झालं. आता उद्या."

"उद्या? बाकीचं कोण बघणार?"

"एक दिस, एक हात," हसुदादा म्हणाले. "दोन गोष्टी एकदम बदलल्या आनि गाडी चालू झाली, तर कशानं झाली ते तुना कलनार नाय, मनापन नाय. आनि दिसात एकदाच गाडी पुरती गार होते."

चौथ्या सकाळी कार्बोरेटरमधली बारकी जेट बुजलेली निघाली. केसाएवढं भोक, त्यात गाळ. फुंकून साफ केली, बसवली, आणि गार इंजिन दुसऱ्या किकला बोललं. पूर्व बाजूच्या चकचकीत गॅरेजवाल्याने हीच गाडी दोनदा पूर्ण उघडून मला परत दिलेली. त्या दिवसापासून मी हसुदादांकडे रोज जाऊन बसायला लागलो.

ते खाडीकाठच्या कोळी घरातले. पन्नाशीचे, बुटके, दंडावर जाळ्याच्या दोरीचे जुने वळ. बापाच्या होडीवरच्या इंजिनावर हात बसला आणि मासळी आटल्यावर रस्त्यावर आले. आमच्या सोसायट्यांमधली माणसं त्यांना कसं बोलवायची ते ऐका: "अरे हसू." पंचविशीतला पोरगाही "अरे हसू, जरा बघ रे." जो माणूस यांची नोकरी वेळेवर गाठून देत होता, त्याला साधं 'अहो' म्हणायला यांची जीभ झिजत होती. मी एकदा त्यावरून एकाशी भांडलो, तर हसुदादा मलाच ओरडले. "पत्रकवाल्या, माजं नाव हसूच हाय. तू कामाचं भांड."

कामाचं भांडण लवकरच आलं.

त्या हिवाळ्यात गाड्या सकाळी सुरू होईनाशा झाल्या. एकदोन नव्हे, आमच्या भागातल्या कितीतरी. दुपारी बिनतक्रार चालायच्या, सकाळी मेलेल्या. हसुदादांनी नीट करून दिलेल्या गाड्याही आठवड्यात परत यायला लागल्या. आणि मग लोक बोलायला लागले. हसू म्हातारा झाला. हसू मुद्दाम काहीतरी ठेवतो. आमच्या शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिकसाहेब, बँकेत अधिकारी, इस्त्रीचा शर्ट, नवी शंभर सीसीची गाडी. ते एका सकाळी गाडी ढकलत आले, घामाने भिजलेले, आणि भर रस्त्यात ओरडले, "अरे हसू, चोर आहेस तू! तीन वेळा आणली गाडी. लोकांना फसवून पोट भरतोस?"

हसुदादांनी मान वर केली नाही. ते कर्णिकांच्या गाडीला उलटा हात लावत होते. मग त्यांनी पाना खाली ठेवला आणि गाडी ताडपत्रीखाली ओढून घेतली. चाळीस वर्षांत इंजिनाने त्यांना खोटं पाडलं नव्हतं.

कर्णिकांच्या गाडीवर त्यांनी सहा दिवस घालवले. चोकची तार, प्लग, पॉइंट, जेट, टॅपेट, एअर फिल्टर, एकेका सकाळी एकेक. सगळं ठीक, गाडी मेलेलीच. सातव्या दिवशी त्यांनी टाकी आणि कार्बोरेटर रिकामं केलं, ठाण्याहून डब्यातून आणलेलं पेट्रोल भरलं आणि गाडी रात्रभर ठेवली. सकाळी कर्णिकांच्या डोळ्यांदेखत पहिल्या किकला सुरू. मला वाटलं संपलं. त्यांना नाही वाटलं. त्यांनी ठाण्याचं पेट्रोल काढलं, टाकीतलं जुनं परत भरलं. पुढच्या सकाळी, तेही कर्णिकांसमोरच, बारा किक, गाडी गप्प.

त्यांनी जुन्या पेट्रोलात बोट बुडवून नाकाशी नेलं. "घासलेट. थोडंच हाय, पन हाय."

"वासावरून?" मी विचारलं.

"वासावरनं नाय, खोडीवरनं. आमची होडी घासलेटवर चालते ना. पन सुरू करताना पेट्रोल घालावं लागतं. इंजन तापलं का मंग घासलेटचा कॉक खोलायचा. गार इंजनात घासलेट उडत नाय, मंग पेटनार काय? आमच्या गावातल्या शेंबड्या पोराला ठावं हाय. हितं गरम झाल्यावर गाडी पलते, म्हून कोनाला संशय येत नाय. म्हनून सांगतो, गरम गाडी खोटं बोलते."

पेट्रोलात रॉकेल. रेशनच्या रांगेत बायका बाटलीभर रॉकेलसाठी तासन्‌तास उभ्या असायच्या आणि तेच रॉकेल पंपाच्या टाकीत ओतलं जात होतं. माझं डोकं फिरलं. सगळ्या आजारी गाड्या आमच्या भागातल्या एकाच पंपावर पेट्रोल भरायच्या. त्याच्या मालकाला सगळे शेठ म्हणायचे. गणपतीच्या मंडपावर त्याचं नाव, शाळेच्या बाकांवर त्याचं नाव. मी म्हटलं, उद्याच पत्रक काढतो.

"थांब," हसुदादा म्हणाले. "आदी कागद कर."

त्यांची पद्धत अशी. पांढऱ्या टीपकागदावर गाडीतल्या पेट्रोलचा एक थेंब टाकायचा आणि घड्याळ लावायचं. चांगलं पेट्रोल दोन-चार मिनिटांत उडून जातं, कागद कोरा. रॉकेल मिसळलेलं असेल तर ओलं वर्तुळ तासभर, दोन तास राहतं, मग हळूहळू तेही जातं. कागदावर गाडीचा नंबर लिहायचा, आणि डाग किती वेळ राहिला ते लिहायचं. हसुदादांचं अक्षर चौथीतल्या मुलासारखं, पण आकडे खणखणीत. त्यांनी मला दोनदा बजावलं: "चार स्ट्रोकच्या मोटरसायकलीच घे. स्कूटर घेऊ नको. स्कूटरच्या टाकीत आपनच ऑइल मिसलतो."

पंधरा दिवसांत त्यांच्याकडे नऊ कागद झाले. पहिला कर्णिकांच्या गाडीचा.

नऊ! मला नऊ पुरेनात. नऊ कागदांनी कोण हलतं? पत्रकाच्या मथळ्यात नऊ हा आकडा दिसतो कसा, याचा मी विचार करत होतो. मी दोन रविवारी आमच्या समितीच्या पोरांना घेऊन सोसायट्यांच्या आवारात फिरलो आणि आणखी बावीस कागद केले. घाईत. घड्याळ न लावता. मोटारसायकली मिळाल्या तिथे मोटारसायकली, नाहीतर स्कूटर. स्कूटरच्या थेंबाचे डाग काय सुंदर आले होते! गडद, तेलकट, दुरून दिसणारे. हसुदादांच्या नऊ कागदांवर तर आता काहीच दिसत नव्हतं, नुसते आकडे. मी एकतीस कागदांचा एक गठ्ठा केला, माझे डागवाले वर ठेवले, आणि 'एकतीस वाहनांचा पुरावा' असं मोठ्या टाइपात छापलं. मी मूर्ख नव्हतो. मला सांगितलेलं होतं. मला ते सोयीचं नव्हतं, एवढंच.

पत्रक आधी घरोघर गेलं, तपासणीचा अर्ज नंतर गेला. ही माझी दुसरी अक्कल. पुरवठा खात्याचे निरीक्षक साहेब पंपावर पोचेपर्यंत मध्ये आठ दिवस गेले. आठ दिवसांत शेठने टाकी धुऊन, वाळवून, हळदीकुंकू वाहून ठेवली असती तरी वेळ उरला असता. नमुना शुद्ध निघाला.

मग रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. शेठ, त्याचा वकील, निरीक्षक साहेब, आमची समिती आणि सोसायट्यांचे लोक. वकिलाने माझा गठ्ठा उचलला, वरचा कागद हॉलला दाखवला आणि गोड आवाजात म्हणाला, "चिटणीस, हा नंबर स्कूटरचा आहे ना? स्कूटरच्या पेट्रोलात तेल घालतात हे आपल्याला माहीत असेलच." हॉल हसला. मी काहीतरी बरळलो, जनतेचा आवाज वगैरे.

मागच्या बाकावरून हसुदादा उठले. धुतलेला सदरा, हात घासून घासून तरी काळे. ते पुढे आले, गठ्ठा घेतला आणि टेबलावर एकेक कागद बघत दोन ढीग करायला लागले. बावीस कागद त्यांनी माझ्यासमोर सारले. "हे फेकून द्या साहेब. यातले काय स्कूटरचे, काय टायमाशिवायचे. हे खोटे." मग नऊ कागद निरीक्षकांपुढे. "हे खरे."

निरीक्षकांनी एक उजेडात धरला. "अहो, हे तर कोरे आहेत."

"घासलेट उडतंच साहेब, पन उशिरा. किती उशिरा ते लिवलंय. पेट्रोल चार मिन्टात जातं. हा दीड तास होता. गाडी हितंच हॉलमधी बसलेल्या मानसाची हाय, त्याना विचारा." त्यांनी कर्णिकांकडे बघितलं. "साहेब, तुमच्या डोल्यांसमोर तुमची गाडी ठान्याच्या पेट्रोलवर सुरू केली. जुन्यावर बंद पडली. सांगा."

कर्णिकसाहेबांनी चष्मा काढला. रुमालाने पुसला. पुन्हा घातला. "मी... तसं मला त्यातलं तांत्रिक काही कळत नाही," ते म्हणाले.

बाकीच्या आठ कागदांचे गाडीमालकही तिथेच होते. एकाला अचानक खोकला आला, एक जण छताचा पंखा बघत बसला. शेठने शाळेला बाक दिले होते, आणि हे सगळे त्याच बाकांवर बसले होते. निरीक्षक साहेबांनी अहवालात एकच ओळ लिहिली: तक्रारदारांच्या साक्षीदाराने स्वतःच कागद खोटे असल्याचं कबूल केलं. पुढे तो काय बोलला, ते लिहिण्याएवढी शाई त्यांच्या पेनात नव्हती.

तिसऱ्या दिवशी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. त्या रस्त्यावर चहावाला होता, पानवाला होता, भाजीच्या सात पाट्या होत्या. उचलली फक्त ताडपत्री आणि बांबू. हसुदादांनी लोकांच्या गाड्या आधी एकेक करून बाजूला घेतल्या, एकालाही ओरखडा नाही. मग पान्यांची पेटी डोक्यावर घेऊन उभे राहिले आणि आपले बांबू ट्रकमध्ये पडताना बघत राहिले. मी अंगावर धावून गेलो, शिव्या दिल्या, एकाने मला ढकललं. माझी समिती? समितीची बैठक होती त्या संध्याकाळी. विषयपत्रिकेत दुधाच्या पिशव्या होत्या.

आठवड्याने शेठचा मॅनेजर हसुदादांच्या घरी गेला. बरोबर टाइप केलेला कागद. त्यात लिहिलेलं: समितीच्या दबावाखाली मी खोटी माहिती दिली, सर्व कागद बनावट होते, पंपाच्या पेट्रोलबद्दल माझी काहीही तक्रार नाही. सही केली की जागा परत मिळेल, ताडपत्रीच्या जागी पत्रा, वर लायसनही. मॅनेजर दोन दिवसांनी परत येणार होता.

हे कळल्यावर मी धावत गेलो. खाडीच्या बांधावरचं दोन खोल्यांचं घर. त्यांची बायको, हिराताई, दारात सुकट वाळत घालत होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि बरोबरच होतं. हसुदादा कागद मांडीवर घेऊन बसलेले.

आणि मी, ग्राहक हक्कांचा चिटणीस, अन्यायाविरुद्ध पानंच्या पानं छापणारा, त्यांना काय म्हणालो? म्हणालो, "दादा, करून टाका सही. समितीचा दबाव होताच असं लिहिलंय ना, ते माझ्यावर येऊ दे. चूक माझी होती. तुमचं गॅरेज परत मिळतंय, घ्या."

मी त्यांना कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं.

"तूपन हेच सांगाया आयलास?" ते ताडकन उठले. "तुज्यावर येऊ दे? तुज्यावर यायचं ते आयलं, बावीस कागद तुजे खोटेच व्हते. हितं काय लिवलंय बग. 'सर्व'. सर्व कागद बनावट. म्हंजे माजे नऊपन! मी सहा सकाली त्या गाडीपुढं उकिडवा बसलो. प्लग बघितला, जेट बघितली, एकेक हात केला. ती गाडी का बंद पडत व्हती ते मना ठावं हाय. आता मीच लिवू का मना ठावं नाय? मंग उद्या कोनाच्या इंजनाला हात कनच्या तोंडानं लावू?"

"पण जागा, दादा..."

"जागेवर काम करतात रं, जागा काम करत नाय."

हिराताई दारातून म्हणाली, "जाव द्या त्याला. पोरगं हाय." ते पोरगं हा शब्द मला अजून बोचतो.

दोन दिवसांनी मॅनेजर आला तेव्हा मी तिथे होतो. हसुदादांनी टाइप केलेला कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर, चौथीतल्या मुलाच्या अक्षरात, सावकाश, आठवून (मूळ कागद निरीक्षकांकडेच राहिलेले), नऊ गाड्यांचे नंबर लिहिले. प्रत्येकापुढे डाग किती वेळ राहिला तो वेळ. मग खाली सही केली. हसुराम असं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. "ही घ्या. सही पायजे व्हती ना."

मॅनेजर हसला, कागद तिथेच टाकला आणि निघून गेला. तो मी उचलला.

मी तो समितीत नेला. म्हटलं, आपली चूक कबूल करूया, बावीस कागद खोटे होते असं छापूया, आणि त्याखाली हे नऊ छापूया. अध्यक्ष म्हणाले, विषय संपलाय, चूक छापली तर समितीची विश्वासार्हता जाईल. विश्वासार्हता! चार बांबूंवर उभं असलेलं माणसाचं पोट गेलं, आणि हे विश्वासार्हतेला जपतायत. मी राजीनामा दिला. त्याने कोणाचं काही बिघडलं नाही.

हसुदादा दिवा गावी मेहुण्याकडे गेले. तिथे खाडीवर होड्यांची इंजिनं बघायचे. मी दोन-तीनदा गेलो. मला चहा द्यायचे, कामाचंच बोलायचे. तिसऱ्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेले. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेलेला. डोंबिवलीतून कोणी गेलं नव्हतं.

परवा कर्णिकसाहेब भेटले, सोसायटीच्या फाटकात, गाडी पुसत होते. मी विचारलं, पेट्रोल कुठे भरता हल्ली? ते जरा चाचरले. मग म्हणाले, "ठाण्याला. ऑफिसला जाताना वाटेतच पडतं ना. उगाच रिस्क कशाला घ्या?"

मी बाकीच्या आठ जणांकडेही गेलो. मुद्दाम, एकेकाच्या घरी. एकही जण त्या पंपावर भरत नाही. सभा झाली त्याच आठवड्यात सगळ्यांनी गुपचूप पंप बदललेला. म्हणजे हॉलमध्ये त्या सकाळी नऊच्या नऊ जणांना हसुदादांचं पटलेलं होतं. तोंड उघडायचं सोडून त्यांनी बाकी सगळं केलं.

कर्णिकसाहेबांनी माझ्यासमोर चोक ओढला, रेसला हात लावला नाही, किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. "बघितलंत?" ते खूश होऊन म्हणाले, "एकदम नव्यासारखी."